लिनक्सच्या डीएफ, फ्री, पीएस कमांडमधून आकडा उचलताना या चुका टाळा

लातूरच्या एका आडतीचा सर्व्हर मी सांभाळतो. सोयाबीनची आवक वाढली की पावत्यांनी डिस्क भरत जाते, म्हणून ९० टक्क्यांवर गेली की एसएमएस यावा अशी छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. ऐन हंगामात डिस्क १०० टक्के भरली, पावत्या निघेनात, बाहेर ट्रॅक्टरची रांग. एसएमएस आलाच नाही.

चूक माझीच. डिस्क किती भरली ते सांगणाऱ्या डीएफच्या आउटपुटमधून मी ग्रेपने (दिलेला शब्द असलेल्या ओळी शोधणारी कमांड) '/डेटा'ची ओळ पकडत होतो (टर्मिनलवर हे सगळं अर्थातच रोमन लिपीत). मधल्या काळात मीच '/डेटा-जुना' नावाची दुसरी डिस्क जोडली होती. ग्रेपला दोन्ही ओळी सापडल्या, व्हेरिएबलमध्ये दोन आकडे बसले आणि तुलना करताना बॅशने (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) 'इंटिजर एक्स्प्रेशन एक्स्पेक्टेड', म्हणजे 'इथं पूर्णांक हवा होता', म्हणून हात वर केले. पण बॅश तिथं थांबत नाही, अट खोटी धरून पुढं जातो. ती ओरड क्रॉनच्या (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारी सोय) मेलमध्ये पडत होती. तो मेल कोण उघडतंय?

डीएफलाच नेमकं विचारा: 'डीएफ --आउटपुट=पीसेंट /डेटा'. शेवटची ओळ टेलने घ्या, टक्क्याचं चिन्ह आणि आकड्याआधीची स्पेस टीआरने काढा. ग्रेपची गरजच नाही. '--आउटपुट' ही सोय जीएनयूच्या डीएफमध्ये आहे. इतरत्र 'डीएफ -पी /डेटा' (कॅपिटल पी) वापरा, म्हणजे डिस्कचं नाव लांब असलं तरी ओळ तुटत नाही.

इथंही एक खोच आहे. लाइट जाऊन आली आणि डिस्क माउंटच झाली नाही, म्हणजे '/डेटा'ला जोडलीच गेली नाही, तर डीएफ निमूट रूट (मुख्य) डिस्कचा आकडा देतो. आपल्याकडं लाइटचा काय भरवसा! म्हणून आधी 'माउंटपॉइंट -क्यू /डेटा' तपासा.

कट कमांडने स्पेसवर तोडू नका. त्याला प्रत्येक स्पेस वेगळी वाटते, त्यामुळं सरळ दिसावं म्हणून भरलेल्या जागेत रिकामे रकानेच हाती येतात. ऑक (ओळीतून हवा तो रकाना उचलणारी कमांड) सलग स्पेस एकच धरतो.

पण ऑकमध्येही रकान्याच्या क्रमांकावर विसंबू नका. मेमरीचा हिशेब देणाऱ्या फ्री कमांडच्या 'मेम' ओळीतला सातवा शब्द जुन्या आवृत्तीत 'कॅश्ड' होता, नव्यात तो 'अव्हेलेबल' आहे. जुनी स्क्रिप्ट नव्या मशीनवर चालते, एररही येत नाही, फक्त अर्थ बदललेला असतो. आडतीची पट्टी वाचताना शेतकरी तिसरी ओळ मोजत बसत नाही, 'हमाली', 'तोलाई' ही नावं शोधतो. तसंच आधी शीर्षकाच्या ओळीतून 'अव्हेलेबल' कितवा ते शोधा. 'मेम' ओळीत सुरुवातीला एक लेबल जास्तीचं असतं, तेव्हा त्यात एक मिळवा.

चालू प्रोग्रॅमची यादी देणाऱ्या पीएसमध्ये प्रोसेस शोधताना ग्रेप स्वतःलाच सापडतो, पीग्रेप वापरा. 'जावा -व्हर्जन'चं आउटपुट पाइपमध्ये (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देताना) रिकामं आलं तर घाबरू नका, ते एररच्या वाटेनं छापलं जातं; '२>&१' जोडा. जेसन या रचनेतल्या डेटाला मात्र ग्रेप लावूच नका, त्यासाठी जेक्यू ही कमांड आहे.

आता माझी स्क्रिप्ट तुलनेआधी एकच गोष्ट बघते: हाती आलेलं निव्वळ अंकच आहेत का? नसतील, रिकामं असेल किंवा दोन ओळी असतील, तरी एसएमएस जातो: 'आकडा मिळाला नाही, येऊन बघा.'