‘आपलं संगीत’ कुणाचं? क्लासमधल्या मुलांना हे असं शिकवा

मी सांगलीत गाण्याचा क्लास घेते. संगीताचा इतिहास मुलं परीक्षेपुरता घोकतात, आणि त्यातली माणसं कुणाला दिसतच नाहीत. म्हणून हा धडा मिरजेला नेऊन शिकवावा, असं माझं ठाम मत आहे.

निघण्याआधी अब्दुल करीम खाँसाहेबांचं ‘चंद्रिका ही जणू’ ऐकवा. नाव सांगू नका, गायक कुठला ते विचारा. मुलांना बोलू द्या, मग उलगडा करा: पद ‘मानापमान’ या संगीत नाटकातलं, लिहिणारे खाडिलकर आपल्या सांगलीचे, गाणारे उत्तरेतल्या कैरान्याचे. खाँसाहेबांनी गायलेली, कर्नाटक संगीतातल्या त्यागराजांची तेलुगू रचनाही लगेच लावा.

मिरजेत सतारमेकरांकडे कामाच्या वेळी जा. ही घराणी मूळची शिकलगार, हत्यारं घडवणारी मुसलमान मंडळी. एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळली. इथे घाई करू नका. कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवून जवारी (तारेची गुंजणारी आस) काढतो, मग तारेखालचा दोरा केसभर सरकवतो आणि बंद वाटणारा षड्ज, म्हणजे ‘सा’, एकदम खुलतो. परवानगी घेऊन एकेका मुलाला तो दोरा सरकवू द्या. पुढे मैफलीत तंबोरा दिसला की त्यांना हे हात आठवतात.

तिथून मीरासाहेबांच्या दर्ग्यात जा, खाँसाहेबांची कबर तिथे आहे. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांची गोष्ट तिथेच सांगा. त्यांची तालीम याच मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे झाली. 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. 1923 च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये ते ‘वंदे मातरम्’ गायला उभे राहिले तेव्हा अध्यक्ष मौलाना महंमद अलींनी हरकत घेतली, तरी पलुस्कर गायले. मोठ्या मुलांपासून हे लपवू नका. राष्ट्राच्या सभेत काय गायचं यावर तेव्हाही भांडण होतं, हे त्यांना कळायलाच हवं.

जातीचा विषय मात्र पुस्तकात येतच नाही, तो तुम्हीच काढा. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी ब्राह्मण घर सोडून तमाशात गेले, पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्या लावण्या गाजवणारी तमाशा कलावंत पवळा महार समाजातली. ही लावणी ‘शास्त्रीय’च्या धड्यात का नाही, हे मुलांना विचारा आणि उत्तरासाठी थांबा.

घरी जाताना एक काम द्या. आपल्या गावातल्या सनईवाल्याशी किंवा हलगीवाल्याशी बोलून यायचं: वाद्य कुणाकडून शिकला, घरात पुढे कोण वाजवतंय, आणि लग्नात त्याची जेवणाची पंगत कुठे बसते.