हेकरू आणि तांबोशी: या चुका टाळा

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या खडपांवर गळाला लागलेले हेकरू (ग्रूपर) आणि तांबोशी (लाल स्नॅपर) एकाच टोपलीत पडतात, म्हणून दोघांना नियमही एकच लावला जातो. सगळ्यांत महागात पडणारी चूक ती हीच.

हेकरू आधी मादी असतो. मोठा झाल्यावर त्यांतल्या काहींचे नर होतात. नारिंगी ठिपक्यांचा हेकरू साधारण २५ ते ३० सेंमीला गाबोळी (पोटात अंडी) धरू लागतो आणि ५५ ते ७५ सेंमीच्या दरम्यान नर बनतो. म्हणजे ‘लहान सोडा, मोठा ठेवा’ एवढंच पाळलं, तर नेमके नर लिलावात जातात. गाबोळी भरपूर दिसते, पण ती फळवायला नर उरत नाही. या जातीला वरचीही मर्यादा हवी: आमच्या मते ३५ ते ५५ सेंमीचेच ठेवावेत. पाच काळसर उभ्या पट्ट्यांच्या हेकरूला मात्र हे माप लावू नका. तो मुळात ५५ सेंमीपलीकडे वाढत नाही, त्यामुळे त्याचा एकही नर या नियमाने वाचणार नाही.

वरची मर्यादा कागदावरच राहते ती मासा सोडताना. दहा-बारा वाव (साधारण वीस मीटर) खोलीवरून भरभर ओढलेल्या हेकरूच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि जठर तोंडातून बाहेर येतं. पुष्कळजण त्यालाच पिशवी समजून टोचतात, मासा मरतो. तसाच टाकला तर वर तरंगत राहतो. आंग्रिया बँकेवर, म्हणजे भर समुद्रातल्या बुडालेल्या प्रवाळ पठारावर तर उथळ भागही वीसेक मीटरचा आहे, तिथे हे नेहमीचंच. उपाय स्वस्त आहे: गळाचा मागचा काटा घासून काढा, दोर गळाच्या बाकाला बांधा, शिसं डोळ्याकडून लटकवा. वजन किमान अर्धा किलो, मोठ्या माशाला जास्त. उलटा गळ खालच्या ओठात अडकवून मासा तळापर्यंत उतरवा आणि दोर वर झटका, तो सुटतो.

तांबोशीचं गणित वेगळं. तिच्यात नर नरच राहतो, मादी मादीच. पिल्लं खाडीत, कांदळवनाच्या मुळांत वाढतात आणि मोठी झाल्यावर खडपांकडे निघतात. खाडीत बारीक आसाचं (लहान छिद्रांचं) जाळं चालू ठेवून खडपावर बंदी घालणं म्हणजे उद्याची तांबोशी आजच मारणं.

मोजतानाही घोटाळा होतो. टेप अंगावरून वळवून धरली की माप वाढून येतं. मासा सपाट फळीवर ठेवा, तोंड मिटून फळीच्या उभ्या कडेला टेकवा आणि शेपटीच्या टोकापर्यंत वाचा.

१ जून ते ३१ जुलैच्या पावसाळी मासेमारीबंदीत सगळ्यांची वीण उरकते, हेही गृहीत धरू नका. अनेक हेकरू चंद्राच्या कलेप्रमाणे ठरावीक जागी जमून अंडी सोडतात. म्हणून प्रत्येक फेरीला जात, लांबी, जागा, तिथी आणि गाबोळीची अवस्था लिहा. बारीक दोऱ्यासारखी असेल तर मासा कच्चा, पिवळी दाणेदार असेल तर पिकतेय, काचेसारखे दाणे दाबताच गळले तर अंडी आता सुटणार, लालसर-लुळी असेल तर सुटून गेली. काचेसारखे दाणे एकाच जागी, त्याच तिथ्यांना पुन्हा पुन्हा दिसले, तर पुढच्या महिन्यात त्या दिवसांत तिथे गळ टाकू नका.