बँकॉकला गेलात तर रात्री फुलबाजार बघाच

बँकॉकच्या ट्रिपमध्ये सगळे मॉल आणि मंदिरं करतात, पण पाक ख्लोंग तलात हा फुलबाजार बरेच जण सोडून देतात. वाट फो मंदिराच्या जवळच आहे, मेट्रोने सनाम चाय स्टेशनला उतरायचं आणि चालत जायचं. बाजार २४ तास चालू असतो, पण दुपारी जाऊ नका, ऊन पण आणि मजा पण कमी, खरी गंमत रात्री उशिरा ते पहाटे, तेव्हा ट्रक भरून माल येतो, झेंडूच्या गोण्या, ऑर्किडच्या जुड्या, कमळाच्या कळ्या, आपल्या दादरच्या फुलबाजाराची आठवण येतेच!

तिथे फुआंग मालाई म्हणून छोटे हार मिळतात, मोगऱ्याच्या कळ्या इतक्या बारीक गुंफलेल्या असतात की बघत राहावं. त्यात खाली जी पांढरी फुलं लटकवतात ना ती नीट बघा, चक्क आपली रुई, मारुतीला वाहतो तीच! कमळाच्या पाकळ्या दुमडून देतात तेही करताना बघायला मिळतं.

सुट्टे पैसे जवळ ठेवा, आणि फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, लोक कामात असतात हो. बूट पण बंद घाला, खाली पाणी असतं. आणि फुलं घेतलीत तर हॉटेलच्या रूममध्येच ग्लासात ठेवा, बॅगेत भरून भारतात आणायच्या भानगडीत पडू नका, झाडं-फुलं आणायला क्वारंटाइनचे नियम आहेत.