कार्बन डॉटच्या साह्याने सूक्ष्मशैवालाच्या पेशी जिवंत आहेत का, हे कसे तपासावे

हिरवी दिसणारी पेशी जिवंतच असते असे नाही. पेशी मेल्यानंतरही हरितद्रव्य काही काळ टिकून राहते आणि ६८० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश देत राहते. त्यामुळे प्रोपिडियम आयोडाइडसारखे मृत पेशी रंगवणारे लाल रंजक येथे गोंधळ निर्माण करते, तर निळा प्रकाश देणारे कार्बन डॉट, म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण, सोयीचे ठरतात. २००४ साली कार्बन नॅनोनलिका शुद्ध करताना सापडलेले हे कण साधारणतः १० नॅनोमीटरपेक्षा लहान असतात. त्यांचे काही प्रकार अखंड पेशीपटल ओलांडत नाहीत, पण फाटलेल्या पटलातून आत शिरतात. अशा वेळी निळी उजळते ती मृत पेशी.

सुमारे १ ग्रॅम सायट्रिक आम्ल १० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावे, फ्यूम हूडमध्ये (वाफा खेचून घेणाऱ्या कपाटात) त्यात ०.३ मिलिलिटर इथिलीनडायअमीन मिसळावे आणि टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या पोलादी ऑटोक्लेव्हमध्ये हे द्रावण २०० अंश सेल्सिअसला ५ तास तापवावे. भांडे पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नये. नंतर द्रावण गाळून १,००० डाल्टनच्या (त्याहून लहान रेणू बाहेर जाऊ देणाऱ्या) पटलातून डायलिसिस करावे. डायलिसिसची पायरी वगळण्याचा मोह टाळावा, कारण या अभिक्रियेत निळे चमकणारे लहान रेणूही तयार होतात आणि ते पेशीत कणांप्रमाणेच वागतील याची खात्री नसते.

क्लोरेला या सूक्ष्मशैवालाच्या पेशी सेंट्रिफ्यूजने हलकेच खाली बसवून धुवाव्यात, कार्बन डॉटच्या द्रावणात अंधारात ठेवाव्यात, पुन्हा धुवाव्यात आणि ३६० नॅनोमीटरच्या आसपासच्या उत्तेजक प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्यात. समुद्री शैवाल मात्र त्याच क्षारतेच्या द्रावणाने धुवावे. पेशीभित्तिका नसलेली ड्युनालिएला गोड्या पाण्यात फुगून फुटते आणि धुण्याने मेलेली पेशी आधीच मृत होती असे वाटते.

खरा भर तुलनेच्या नमुन्यांवर द्यावा. कणांच्या पृष्ठभागावरील विद्युतभार प्रत्येक घाण्यात (एका वेळी तयार केलेल्या कणांत) थोडा बदलू शकतो. म्हणून दर वेळी वाढीच्या जोमातील ताजे शैवाल, उष्णतेने मारलेले शैवाल, दोन्हींचे ठरावीक प्रमाणातील मिश्रण आणि कार्बन डॉट न घातलेला नमुना तपासावा. मिश्रणातील मोजणी ठरवलेल्या प्रमाणाशी जुळत नसेल, तर त्या घाण्यावर विसंबू नये. मारण्यासाठी ग्लुटराल्डिहाइड वापरू नये, कारण त्याने पेशी स्वतःच चमकू लागते.

जहाजांच्या बॅलास्ट पाण्यासाठी (तोल राखण्यासाठी जहाजात भरलेल्या पाण्यासाठी) ही चाचणी विशेष आकर्षक वाटते, कारण तेथील आंतरराष्ट्रीय मानकानुसार १० ते ५० मायक्रोमीटरचे जगण्यास सक्षम जीव दर मिलिलिटरमागे १० पेक्षा कमी असावे लागतात. परंतु अतिनील किरणांनी निकामी केलेल्या पेशीचे पटल बराच काळ शाबूत राहू शकते. अशा नमुन्याचा निकाल देण्यापूर्वी त्या पेशी पोषक माध्यमात ठेवून पुन्हा वाढतात का, हे पाहावेच.