लेकरू काही सांगून राहिलं तर आशाताईनं, गुरुजीनं काय करायचं

पोलीस स्टेशन गावापासून लांब, गावातल्या लेकरावर लैंगिक अत्याचार होऊन राहिला का ते तिथल्या साहेबाले काय दिसणार. दिसते ते अंगणवाडी सेविकेले, आशाताईले, वर्गातल्या गुरुजीले, म्हणून हे तुमच्यासाठी.

कापूस वेचणीच्या दिवसात पोट्टी शाळेत नाही आली तर मायसोबत वावरात असंल, पण वेचणी उलंगली, बाकीच्या पोरी परत आल्या अन हीच नाही आली तर घरी चक्कर मारा. बोलकं पोरगं एकदम गप्प झालं, एका ठराविक घरी जायचं म्हटलं की रडते, मोठं झाल्यावर पुन्हा अंथरूण ओलं करून राहिलं, तर लक्ष ठेवा. एवढ्यावरून कोणावर आरोप नाही करायचा, पण वहीत तारीख टाकून लिहून ठेवायचं.

अन लेकरू स्वतःहून बोललं तर? घोळ इथंच होतो बाप्पा. आधी हेडमास्तरासमोर, मग दोन मॅडमसमोर, मग सरपंचासमोर, सगळ्याइले तेच तेच सांगायले लावतात. असं नका करू. व्हरांड्याच्या टोकाला बसा, लोकांना दिसलं पाहिजे पण ऐकू नाही गेलं पाहिजे. आपल्या मनानं कोणाचं नाव घालून विचारू नका, "मंग काय झालं" एवढंच. "तू तिथं काहून गेली होती" हे तर तोंडातून निघूच नये. "कोणालेच नाही सांगत" असा शब्दही देऊ नका, सांगावं तर लागतेच. म्हणा, "सांगितलं ते बरं केलं, तुही काही चूक नाही, आता ज्याले सांगाचं त्याले मी सांगतो". मग लगेच लिहा, लेकराच्याच शब्दात, शब्द घाण असला तरी तोच, शुद्ध मराठी करत बसू नका. घटना ताजी असंल तर कपडे धुवू नका, कागदात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. एफआयआर झाली नसली तरी वैद्यकीय तपासणी होऊ शकते, मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची असते अन जवळ घरचं किंवा तिच्या विश्वासाचं माणूस पाहिजे.

कळवायचं त्याच दिवशी. 112 (पोलीस मदत) किंवा 1098 (लेकरांसाठीची हेल्पलाइन), नाहीतर सरळ ठाण्यात. खरं-खोटं करणं तुमचं काम नाही, ते पोलिसांचं. ठाण्यात नोंद लेखी होते, तुम्हाला वाचून दाखवतात, तिचा नंबर लिहून घ्या. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटंल तिथं घेतात, अधिकारी वर्दीत नसावा, शक्यतो महिला असावी, अन लेकराला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. 24 तासात बालकल्याण समितीला (लेकरांच्या काळजी-संरक्षणाची जिल्ह्यातली समिती) कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, झालं का ते विचारत राहा.

आता खरी अडचण. संध्याकाळी चार जाणते लोक तुमच्या दारात येतील, "ताई, पोरीचं लग्न कसं होईन, गावातलं गावात मिटवू", पैशाची पण गोष्ट काढतील, अन तुम्हाला त्याच गावात राहायचं आहे, उद्या त्यांच्याच घरी लसीकरणाला जायचं आहे. इथं वाद घालू नका, मोठेपणाही दाखवू नका, कायद्याच्या मागं लपा, मी तर म्हणतो तो त्याच्यासाठीच आहे. सरळ म्हणा, "माह्या हातात नाही भाऊ, 2012 चा पोक्सो, लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा आहे, 18 च्या आतलं लेकरू असलं अन मी नाही कळवलं तर 6 महिन्यांपर्यंत जेल मलेच होऊ शकते". आरोपी शाळेतलाच असंल अन प्रमुखानं दाबलं तर त्याला 1 वर्षापर्यंत. हेडमास्तर "मी बघतो" म्हणाले म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही, अन चांगल्या हेतूनं कळवलं तर तुमच्यावर कारवाई होत नाही.

बालविवाहाचं सोपं आहे. मुलगी 18, मुलगा 21 च्या आत असंल तर शाळेतली जन्मतारीख काढा. गावात बालविवाह प्रतिबंध अधिकारी ग्रामसेवकच (आता त्याले ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) असतो. मांडव पडायच्या आधी त्याला सांगा, लग्नाच्या दिवशी सांगून फक्त भांडणं होतात.

आणि व्हॉट्सॲप! "आपल्या गावात असं झालं" म्हणून पोरीचं नाव, फोटो, शाळा, बापाचं नाव, काहीच टाकायचं नाही, ओळख उघड करणं हा पण गुन्हाच आहे. कोणी टाकलं तर ॲडमिनला फोन करून लगेच उडवायला लावा.