मूल घरासाठी पैसे साठवतंय? या चुका टाळा

नऊ-दहा वर्षांचं मूल गल्ला पुढे करून म्हणतं, "आई, हे घे, घरात लागतील." आपले डोळे भरून येतात आणि तिथेच पहिली चूक होते. कौतुकाच्या भरात, हे त्याच्या मनात आलं कुठून, ते विचारायचंच राहून जातं. बहुतेक वेळा मुलाच्या कानावर काहीतरी पडलेलं असतं: हप्ता थकलाय, बाबांचं काम सुटलंय, आजीची औषधं परवडत नाहीत. अर्धवट ऐकलेल्याचा उरलेला अर्धा भाग मूल स्वतःच्या मनानं भरतं, आणि तो खऱ्यापेक्षा जास्त भीतीदायक असू शकतो. म्हणून पैशाला हात लावण्याआधी त्याला जवळ बसवा, कशाची काळजी वाटते ते विचारा आणि झेपेल एवढं खरं सांगा. अडचण असेल तर "काही नाही रे" म्हणू नका. कोणाकडे मदत मागितली आहे, आता काय करणार आहोत, ते सांगा. मोठ्यांची जबाबदारी मुलानं अंगावर घेण्याला मानसशास्त्रात 'पॅरेंटिफिकेशन' म्हणतात. ती त्याच्या खांद्यावरून उतरवणं हे गल्ल्यातल्या रकमेपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

गल्ला अचानक भराभर भरू लागला, मूल शाळेतून भुकेलं येऊ लागलं, सहलीची चिठ्ठी दप्तरातच राहिली, तर समजा की बचत पोटातून आणि हौशीतून होतेय. ओरडू नका. "जेवणाचे पैसे साठवायचे नाहीत" एवढा एकच नियम करा.

काही मुलं थेट काम करून पैसे कमवायचंच बोलतात. घरातली छोटी मदत वेगळी. पण 1989च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचं 32वं कलम शिक्षणाच्या आड येणाऱ्या कामापासून मुलाला संरक्षण देतं, आणि त्याच्या आधीचंच 31वं कलम विश्रांती आणि खेळाचा हक्क देतं. दोन्ही घरातही पाळायला हवेत.

"ठेव तुझ्याकडेच, तू लहान आहेस" हेही नको. मुलाला ते फार लागतं. घरभाड्यासारखं न संपणारं ध्येय न देता दिसेल अशी एक वस्तू ठरवा, समजा धाकट्या बहिणीच्या वह्या. आठवड्याची बचत गुणिले 26 केली की सहा महिन्यांत किती जमेल ते त्याचं त्यालाच कळतं. पारदर्शक बरणी असेल तर आणखी बरं. पाहुण्यांसमोर मात्र या बचतीचं प्रदर्शन नको.

सगळ्यांत जास्त विश्वास मोडतो तो न विचारता पैसे काढल्यानं. "आमचेच तर दिलेले" हे म्हणणं मला मुळीच पटत नाही. खरोखर नड आली तर मुलाला विचारून घ्या. रक्कम आणि परतीची तारीख चिठ्ठीवर लिहा, सही करा आणि ती बरणीत टाका. तारीख पाळणं जमणार नसेल तर ती उलटण्याआधी सांगा. पैसे परत केले की चिठ्ठी मुलालाच फाडू द्या.