चौदाव्या दिवसापासून : शोकाच्या पहिल्या वर्षासाठी काही सूचना

घरातले माणूस गेल्यानंतरचे पहिले तेरा दिवस परंपरेने आखून दिलेले आहेत. अस्थिसंचय, दहावा, उत्तरकार्य, गंधमुक्ती या क्रमात कोणी काय करायचे हे ठरलेले असल्यामुळे सुन्न झालेल्या मनाला निदान हातातल्या कामाचा आधार असतो. चौदाव्या दिवशी पाहुणे परतलेले असतात, सतरंज्या गुंडाळलेल्या असतात आणि दुपारी चहाच्या वेळी एक कप जास्त काढला जातो. आध्यात्मिक आधाराची खरी गरज तेव्हा सुरू होते, आणि नेमक्या त्याच वेळी परंपरा फारसे काही सांगत नाही. पुढचा क्रम आपला आपणच बांधावा लागतो. तो कसा बांधावा, याविषयी हे लेखन आहे.

सुरुवात मात्र विधींपासूनच करावी, कारण ते घाईने उरकले तर पुढे रुखरुख लागते. नाशिककरांसाठी हे विधी बहुधा रामकुंडावर होतात. प्रभू रामचंद्रांनी दशरथाचे श्राद्ध येथे केले आणि येथील तीर्थात अस्थी विरघळतात, अशी श्रद्धा आहे. घाटावर जाण्यापूर्वी दक्षिणा आणि साहित्याचा खर्च स्पष्ट बोलून घ्यावा. दुःखात पैशांचे बोलणे अशोभनीय वाटते खरे, पण नंतर होणारी कुरबुर त्याहून अशोभनीय असते. मागील तीन पिढ्यांची नावे, गोत्र आणि मूळ गाव लिहून न्यावे.

मूळ गाव सांगितले की त्या गावाचे तीर्थोपाध्ये कोण, हे घाटावर समजते. त्यांच्याकडे आपल्या कुळाची नामावळी असेल तर ती अवश्य उघडायला सांगावी, आणि यासाठी सवडीने तासभर राखून ठेवावा. लांबट, जाड कागदाच्या त्या चोपड्यांत कोण कधी आले, कोणासाठी आले, सोबत कोण होते, याच्या नोंदी असतात; जुनी पाने मोडी लिपीत असतात, अलीकडची बाळबोध म्हणजे देवनागरी लिपीत. आजोबा आपल्या वडिलांच्या अस्थी घेऊन याच पायऱ्यांवर आले होते, हे त्यांच्याच सहीसह वाचायला मिळाले, तर आपल्यावरच आकाश कोसळले आहे ही भावना थोडी सैल होते. ज्या माणसाने ती सही केली, तो त्यानंतर घरी गेला, त्याने शेती केली, मुलांची लग्ने लावली, आणि त्या संसारातून आपण आलो. आशा या शब्दाला यापेक्षा भरीव पुरावा मला माहीत नाही. आपली नोंद स्वतःच्या हाताने करावी आणि घरातील लेकीसुनांची नावेही त्यात घालावीत.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही, म्हणून स्वतःला दोष देऊ नये. काही इच्छा अपुरी राहिली असेल, असे सारे म्हणू लागतात आणि मुलगा किंवा सून मनातल्या मनात शेवटच्या आजारपणाचा हिशेब मांडू लागते. दर्भाचा कावळा करून विधी पूर्ण करण्याची सोय शास्त्रानेच दिली आहे. ती संकोच न करता स्वीकारावी. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे हे प्रकार तर करूच नयेत. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 मध्ये ठराव करून ही प्रथा बंद केली आहे. शहरात राहणाऱ्या आपल्याला तेवढे जमायला हरकत नाही.

चौदाव्या दिवसापासून दिवसातील एक वेळ निश्चित करावी. वेळ ठरवताना जो प्रहर सर्वांत जड जातो तोच निवडावा. बहुतेकांच्या बाबतीत तो दिवेलागणीचा असतो. त्या वेळी फोटोपुढे दिवा लावून हरिपाठ म्हणावा. संपूर्ण जमत नसेल तर एक अभंग पुरे. बौद्ध घरांत त्रिशरण-पंचशील घ्यावे आणि एखाद्या पौर्णिमेला त्रिरश्मी लेण्यांची चढण चढावी. ख्रिस्ती कुटुंबांना नाशिकरोडचे बाळ येशूचे मंदिर परके नाही. ज्यांचा देवावर विश्वास नाही, त्यांनी त्याच वेळी गेलेल्या माणसाला वहीत चार ओळी लिहाव्यात. मन लागत नसले तरी बसावे. पहिल्या काही महिन्यांत मन लागतच नाही आणि त्यात श्रद्धेची काही उणीव नसते.

देवावर राग आला तर तो दाबू नये. जनाबाईंनी विठ्ठलाला शिव्याशाप दिले आहेत. तुकोबांनी दुष्काळात पत्नी आणि मुलगा गमावला आहे. नाशिककरांना तर यासाठी फार दूर जायला नको. 1296 मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली आणि त्यानंतर अल्पावधीतच सोपानदेव व मुक्ताबाई गेल्या. निवृत्तीनाथ थोरले बंधू, शिवाय ज्ञानदेवांचे गुरू. तरीही धाकट्यांच्या वियोगाने ते किती व्याकुळ झाले, हे नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत आले आहे. त्यांची समाधी त्र्यंबकेश्वरी आहे. ‘आत्मा अमर आहे, रडू नका,’ असे सांगणारे कोणी भेटले की मला निवृत्तीनाथ आठवतात. पौष वद्य एकादशीच्या यात्रेला थंडीत पायी निघालेल्या एखाद्या दिंडीत सामील व्हावे. चालताना अभंग म्हणणाऱ्यांमध्ये रडलेले कोणाच्या लक्षात येत नाही, आणि आले तरी कोणी कारण विचारीत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. मृत्यूनंतर काही दिवसांतच पितृदोषाचे भय घालून नारायण नागबळी किंवा त्रिपिंडी करण्याचा आग्रह धरणारी माणसे भेटतात. श्रद्धेने करायचा विधी वर्षभरानंतरही करता येतो. भीतीपोटी, कर्ज काढून आणि घाईने काहीही करू नये.

उपासना पुरेशी नसते तेव्हा उपचार घ्यावेत. झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे बिघडले, सहा महिन्यांनंतरही दैनंदिन व्यवहार जमेनासे झाले, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. आपणही जावे असे विचार येऊ लागले, तर एक दिवसही थांबू नये. टेली मानसच्या 14416 या शासकीय क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येते.

शेवटी, समाचाराला जाणाऱ्यांसाठी. तेराव्याच्या गर्दीत हजेरी लावून मोकळे होण्याऐवजी महिन्याभराने, आधी फोन करून जावे. गेलेल्या माणसाचे नाव घेऊन बोलावे, आजार कसा झाला हे पुन्हा विचारू नये, आणि मृत्यू दाखला, बँकेतील वारसनोंद, निवृत्तिवेतनाचे अर्ज यांपैकी एखादे काम आपल्याकडे घेऊन ते पूर्ण करून द्यावे. पहिल्या दिवाळीला त्या घरी फराळाचा डबा घेऊन जावे आणि जेवायला थांबावे.